वयावर किंमत ठरत नाही

‘रेकॉर्ड जितकी जुनी तितकी महाग’ हे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या किमतींवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. अमेरिकी ब्लूज गायिका बेसी स्मिथची १९२३ची ‘डाउनहार्टेड ब्लूज’ लाखांनी खपली, म्हणून ती आजही सापडते. उलट ब्लूज गायक टॉमी जॉन्सनची पॅरामाउंट कंपनीची १२९५० क्रमांकाची रेकॉर्ड त्याहून नवी, जागतिक मंदीच्या तोंडावर निघालेली. तिच्या दोनच प्रती ठाऊक होत्या. म्हणूनच २०१३मध्ये एक प्रत ३७,१०० डॉलरला गेली!

प्रतवारीबद्दल, म्हणजे रेकॉर्ड कितपत चांगल्या स्थितीत आहे याबद्दल तर लेखात चकार शब्द नाही. पॅरामाउंटचा माल मुळातच हलका, नवी कोरी रेकॉर्डसुद्धा खरखरायची. शिवाय जाड सुयांनी खाचा कुरतडलेल्या असतात, वरून मात्र चकाकी दिसते. मी तरी वाजवून ऐकल्याशिवाय पैसे मोजत नाही. नवशिक्यांना हे आधी सांगायला हवं होतं.