‘जुने रक्त’ आणि माझे एक सैल वाक्य: एका प्रतिक्रियेला उत्तर

साठवलेल्या रक्तावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपल्या वडिलांना बायपासच्या वेळी दिलेली पॅक सेलची (रक्तातून वेगळ्या केलेल्या लाल पेशींची) पिशवी तीस दिवसांपूर्वी गोळा केलेली होती, हे लेबलवर पाहून आपण अस्वस्थ झालात, हे स्वाभाविकच आहे. आपले आक्षेप दोन आहेत. एक, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या अभ्यासाचा मी उल्लेखच केला नाही. दुसरा, साठवणीत लाल पेशी बिघडतात हे स्वतः लिहूनही ‘जुन्या आणि ताज्या रक्तात फरक नाही’ असे म्हणून मी रक्तपेढ्यांची वकिली केली. पहिला आक्षेप पूर्ण मान्य आहे; दुसऱ्यातला अर्धा.

पिशवीत काय घडते याबद्दल आपल्यात मतभेद नाही. दोन ते सहा अंश सेल्सिअस तापमानात पेशीचे चयापचय मंदावते, पण थांबत नाही. ग्लुकोज खर्च होते, लॅक्टिक आम्ल साचते, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घटते, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि मधोमध खोलगट असलेली लवचीक पेशी काटेरी होत होत अखेर गोलसर व ताठ बनते. ऑक्सिजन ऊतींकडे सोडायला मदत करणारे २,३-डीपीजी तर दोन आठवड्यांत जवळपास संपते. ही यादी वाचून कोणालाही धडकी भरेल. मात्र पिशवीतल्या बदलावरून रुग्णाच्या अपायाचा निष्कर्ष थेट काढता येत नाही, कारण पिशवीतून बाहेर पडल्यावर पेशी पुन्हा उबेत आणि पोषणात येते. हेच २,३-डीपीजी रुग्णाच्या शरीरात दोन-तीन दिवसांत बहुतांशी भरून निघते. पोटॅशियमचेही तसेच आहे: बाहेरच्या द्रवातील त्याची पातळी भयंकर दिसते, पण त्या द्रवाचे आकारमान कमी असल्याने एका पिशवीतून मिळणारे एकूण पोटॅशियम प्रौढ माणसाला सहसा सहज पेलते.

आता क्लीव्हलँडच्या अभ्यासाविषयी. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात मागाहून तपासल्या होत्या. चौदा दिवसांपर्यंतचे रक्त मिळालेल्यांपैकी १.७ टक्के, तर त्याहून जुने रक्त मिळालेल्यांपैकी २.८ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. आकडे गंभीर आहेत आणि ते मी सांगायला हवे होते. पण कोणाला कोणती पिशवी मिळाली हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. कोणत्या रक्तगटाची पिशवी शीतकपाटात किती दिवस पडून राहते, हे साठा आणि मागणी यांवर ठरते, आणि दोन्ही गटांतील रुग्णही मुळात सारखे नव्हते. अशा अभ्यासातून शंका घ्यायला आधार मिळतो, निवाडा करायला नाही.

त्या शंकेमुळेच पुढच्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत पिशवीचे वय यदृच्छेने ठरवले गेले. आपल्या वडिलांच्या प्रसंगाला सर्वांत जवळची म्हणजे अमेरिकेतील ‘रीसेस’ चाचणी. तिच्यात गुंतागुंतीच्या हृदयशस्त्रक्रियेच्या १,०९८ रुग्णांपैकी काहींना दहा दिवसांपर्यंतचे, तर काहींना एकवीस किंवा अधिक दिवसांचे रक्त देण्यात आले. अवयवांच्या कार्यातील बिघाड आणि मृत्यू, दोन्हींत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अतिदक्षता विभागातील प्रौढांवरच्या ‘एबल’ चाचणीत सरासरी सहा दिवसांच्या रक्तानंतर नव्वद दिवसांतील मृत्यू ३७.० टक्के, तर बावीस दिवसांच्या रक्तानंतर ३५.३ टक्के होते. युगांडातही तीव्र पंडुरोगाच्या बालकांवर हाच प्रश्न तपासला गेला आणि उत्तर वेगळे आले नाही. ताज्या पिशवीसाठी नातेवाइकांची धावपळ करवणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. विशेषतः मे महिन्यात, जेव्हा शिबिरे रोडावलेली असतात आणि एकाने नाकारलेली पिशवी मुदतबाह्य होऊन वाया जाऊ शकते.

तरीही माझे वाक्य सैल होते. एसएजीएम या लाल पेशी टिकवणाऱ्या द्रावणातील पेशी बेचाळीस दिवस चालतात, पण या चाचण्यांतील ‘जुने’ रक्त सरासरी तीन-चार आठवड्यांचे होते. शेवटच्या आठवड्याची त्यांत स्वतंत्र परीक्षा झालेली नाही. मुदत ठरवताना दिलेल्या पेशींपैकी निदान पंचाहत्तर टक्के पेशी चोवीस तासांनंतर टिकाव्यात, हा निकष धरतात. म्हणजे अगदी जुन्या पिशवीतील पाव हिस्सा एका दिवसात नष्ट झाला तरी ती पिशवी नियमात बसते. एकदाच रक्त घेणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नसेल, पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याच्या बाबतीत नष्ट झालेली प्रत्येक पेशी म्हणजे फायद्याविना पदरी पडलेले लोह आणि लवकर आलेली पुढची खेप. म्हणूनच अशा मुलांसाठी शक्य तेथे दोन आठवड्यांच्या आतील पिशवी सुचवतात. नवजात बाळाचे रक्त बदलायचे असेल किंवा त्याला एकदम मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल, तर पोटॅशियमच्या भीतीने याहूनही ताजी पिशवी मागतात, आणि ती मागणी रास्त आहे.

मूळ लेखातील ते वाक्य आज बदलले आहे. तेथे आता असे आहे: ‘बहुतेक प्रौढ रुग्णांत, सुमारे चार आठवड्यांपर्यंतच्या साठवणीमुळे मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.’