अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणजे नक्की किती वाढलं?

हवेचा रोध कमी करून अ‍ॅव्हरेज वाढवायचं, म्हणून गेलं दीड वर्ष मी स्वतःच्या गाडीवर नाना उद्योग करतोय. पुढच्या जाळीला पुठ्ठा लावून झाला, चाकांवर सपाट झाकणं बसवून झाली, पोटाखाली प्लास्टिकची शीट ठोकून झाली. घरच्यांनी हसून घेतलं, शेजाऱ्यांनी "काय, विमान करताय का?" विचारून घेतलं. आता चार शब्द मी बोलतो, कारण असे प्रयोग करणाऱ्यांवरच माझा थोडा राग आहे.

राग हा, की कोणी नीट मोजतच नाही. "अमुक लावलं आणि दोनचं अ‍ॅव्हरेज वाढलं!" कसं कळलं? टाकी फुल करून, पुढच्या वेळी परत फुल करून. अहो, पंपाचा ऑटो-कट एकदा लवकर बसला, एकदा उशिरा, की लिटरभर फरक तिथेच पडतो. तीस लिटरमागे एक लिटर म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. आणि बहुतेक घरगुती बदलांतून मिळतं ते तेवढंच, किंवा कमीच! त्यात वारा, थंडी, सिग्नल, आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे आपला उजवा पाय. नवीन काही बसवलं की आपण आपोआप हळू चालवतो. अ‍ॅव्हरेज वाढतं ते पायामुळे, श्रेय खातो पुठ्ठा.

मी सरळ मार्ग धरला. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीच्या कॉम्प्युटरला जिथे तपासणी यंत्र जोडतो ते) छोटा अ‍ॅडॉप्टर लावला. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात जाणारी हवा मोजतो. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा, या हिशेबाने फोनवर खप दिसतो. आकडा अगदी बिनचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. मग सपाट रस्त्याचा एकच तुकडा, क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगात ठेवणारी सोय) ८० वर, जाऊन-येऊन. आधी बदलाशिवाय, मग बदलासकट, मग तो काढून पुन्हा. ही तिसरी फेरी सगळ्यांना नको असते, आणि खरं-खोटं तिथेच कळतं. काढल्यावर आकडा मागे आला नाही, तर वाढ तुमच्या बदलाची नव्हतीच.

या चाळणीतून माझे अर्ध्याहून जास्त बदल गळले. टिकला तो जाळीवरचा पुठ्ठा. पुढून शिरणारी हवा रेडिएटरमधून वाट काढत इंजिनाच्या खोलीत घुटमळते, आणि ते ओढत नेणं महाग पडतं. म्हणूनच तर कंपन्या हल्ली कित्येक गाड्यांत आपोआप मिटणाऱ्या झडपा देतात. मी जाळीचं खालचं तोंड निम्मं बंद केलं, तर वर सांगितलेल्या पद्धतीने दोन-अडीच टक्के मिळाले. हाव सुटली, सगळंच बंद केलं. लांब चढावर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर शांत बसलेला, आणि फोनवर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, १०४ अंशांवर! काटा मुद्दाम आळशी बनवलेला असतो, हे त्या दिवशी कळलं. पंखा घोंघावतोय, एसी कोमट वारा सोडतोय (त्याचा कंडेन्सरही त्याच जाळीमागे), आणि मी रस्त्याच्या कडेला बसून चिकटपट्टी सोलतोय.

सगळ्यात मजा आली लोकरीत. आईच्या विणकामातल्या लाल लोकरीचे बोटभर तुकडे कागदी चिकटपट्टीने छतावर आणि मागच्या काचेवर डकवले, आणि मित्राला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायला लावला. छतावरचे सगळे धागे मागे झोपलेले, आज्ञाधारक. काचेवर उतरताच मात्र अंगात आल्यासारखे गोल गोल नाचत होते, काही तर उलटे पुढे तोंड करून. छप्पर संपतं तिथे हवा गाडीला सोडून देते आणि मागे पोकळी ओढत राहते, हे शंभर वेळा वाचलं होतं; धाग्यांनी ते दाखवलं. वेगाच्या वर्गाने वाढणारा हा रोध ८० वरून १०० ला जाताना दीडपटीहून जास्त होतो. इतकं घासूनपुसून मिळवलेले अडीच टक्के वीस किलोमीटर वेग वाढवला की कुठल्या कुठे उडतात.

अ‍ॅव्हरेज वाढवतात म्हणून विकली जाणारी चुंबकं आणि पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या बरण्या यांबद्दल इनबॉक्समध्ये विचारू नका. बरणीला वीज लागते, वीज अल्टरनेटर (गाडीतला जनरेटर) देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन पेट्रोल पितं. प्रत्येक पायरीवर गळती. इंजिन स्वतःच इंधनातली बहुतेक उष्णता वाया घालवतं. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) १९७० च्या दशकापासून इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरहून जास्त उपकरणं तपासली; थोडाफार फायदा दिसला तो अगदी मोजक्यांत.

आणि उतारावर इंजिन बंद करणारे शूरवीर! ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग दगड होतं. त्यात गंमत अशी, की फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून उतरताना पेट्रोल स्वतःहूनच तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

टायरची हवा थंड असताना तपासा, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी. रिकामं कॅरियर काढून ठेवा. फुकटातली कामं आहेत, म्हणून कोणाला रस नसतो.

सध्या मागच्या चाकांपुढे छोट्या पट्ट्या बसवल्यात. आठ फेऱ्या झाल्या, पाच वाऱ्यात गेल्या म्हणून वहीतून खोडल्या. उरलेल्या तीन फार सुंदर दिसतायत, म्हणूनच अजून आकडा सांगत नाही.