जर्मनीला जाताय? मग तिथलं सोलापूर शोधा

सेमेस्टरच्या सुट्टीत सोलापूरला घरी आल्यापासून रोज कुणी ना कुणी कागदांची फाइल घेऊन, जर्मनीत कुठे शिकायला जावं हे विचारायला येतंय. बहुतेकांसोबत आई-वडीलही असतात. सगळ्यांच्या यादीत तीच नावं: म्युनिक, बर्लिन, आखन. माझं उत्तर ऐकून तोंडं उतरतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आपल्या पोरांनी जर्मनीत शिकायला जायचं तर तिथलं सोलापूर शोधून जावं.

मी केम्निट्सला एम्बेडेड सिस्टिम्समध्ये (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक) मास्टर्स करतेय. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीवाल्याने हे नाव ऐकून "तिथं कोण जातं?" असं विचारलं होतं. पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यातलं हे अडीच लाख वस्तीचं शहर. एकेकाळी त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे. कापड, मोजे, माग, सूतकताईची यंत्रं, सगळं तिथं बनायचं. 1953 ते 1990 या काळात गावाला कार्ल मार्क्सचं नाव होतं. त्याचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं अजून भर रस्त्यावर आहे. मग दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखान्यांना कुलपं लागली आणि तरुण पोरं पश्चिमेकडे गेली. आपल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सोलापूरची जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू मिल गेली, आता आपली पोरं हिंजवडीत आहेत.

तिथल्या औद्योगिक संग्रहालयात जुने माग ठेवलेत आणि ते चालवूनही दाखवतात. मला काचेआडचं काहीतरी बघायला मिळेल असं वाटलं होतं. तिथल्या बाईंनी खटका दाबला, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळायला लागला आणि मला थेट अक्कलकोट रोड एमआयडीसीत आल्यासारखं झालं. तोच खडखडाट, तेलाचा तोच वास. बाबा आयुष्यभर टॉवेलच्या मागांवर आहेत, त्यामुळे ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला की माग कसा थांबतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. मोडक्या जर्मनमध्ये बाईंना सांगितलं की आमच्याकडे हे अजून रोज चालतं. त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग मोबाइलमधला बाबांचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांनी बाकीच्या पाहुण्यांना तसंच सोडलं आणि मला धोट्यातली कांडी कशी भरता, पाळ्या किती तासांच्या, बायका मागावर बसतात का, असं विचारत राहिल्या. म्युनिकला असते तर माझ्या बाबांच्या कामाबद्दल कुणी इतकं खोदून विचारलं असतं असं मला वाटत नाही.

आता पैशाचं बोलू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे जवळपास बारा लाख. ते म्युनिकला जा नाहीतर केम्निट्सला, सारखेच. फरक पुढे पडतो. महिन्याला त्यातले 992 युरो हातात येतात. म्युनिकमध्ये त्यातला मोठा घास एका खोलीच्या भाड्यातच जातो. माझं केम्निट्समध्ये या 992 युरोंहून कमी पैशात भाडं, किराणा आणि आरोग्य विमा मिळून भागतं. शिवाय म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून युरोपियन युनियनच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावलीय, मास्टर्सला सेमेस्टरला 4000 ते 6000 युरो. "जर्मनीत शिक्षण फुकट" असं छातीठोक सांगणाऱ्या काकांना हे आवर्जून सांगा. घर गहाण टाकून कर्ज काढणाऱ्या घरात हा हिशोब आधी व्हायला हवा, फोटो नंतर.

सोलापूरच्या पोराला भाषेची भीती का वाटते, हे मात्र मला खरंच कळत नाही. साखर पेठेत वाढलेलं पोरगं घरात मराठी, शेजारच्या अक्कांशी तेलुगू, बाजारात कन्नड आणि रिक्षात आपली ती खास हिंदी बोलतं. चार भाषा तोंडात, तरी इंग्रजी अडखळतं म्हणून मान खाली! मोठ्या शहरात इंग्रजीवर निभतं, म्हणून तिथले कित्येक भारतीय विद्यार्थी जर्मन शिकतच नाहीत. केम्निट्सच्या बेकरीत इंग्रजी चालत नाही. पाव हवा असेल तर तोंड उघडावंच लागतं. पुढे नोकरी शोधताना त्याचाच उपयोग होतो. (परदेशाचा विषय निघाला की आपल्याकडच्या भाषणांत सोलापूरचे डॉ. कोटणीस येतातच. ते 1938 मध्ये चीनला युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी गेले. आपण पगारासाठी जातो, उगाच नातं सांगू नये. पण ते तिथली भाषा शिकले, तेवढं उचलायला हरकत नाही.)

सगळं गोड नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये केम्निट्समध्ये परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे निघाले होते, ते जगाने पाहिलं. तो राग पूर्ण गेलेला नाही. रात्रीच्या ट्राममध्ये मी ड्रायव्हरच्या जवळची सीट बघते. पार्टटाइम कामंही मोठ्या शहरांपेक्षा कमीच. आणि नोव्हेंबरमध्ये दुपारी साडेचारला अंधार पडला की सोलापूरच्या उन्हाला शिव्या देणाऱ्या माणसालाही ते ऊन हवंसं वाटतं.

फिरण्याबद्दलही विचारतात. प्राग जवळ आहे, गेले, सुंदर आहे. पण शनिवारी निघायचं, पुलावर फोटो काढायचा आणि रविवारी परत, याला मी प्रवास म्हणत नाही. आमच्या गल्लीत याहून जास्त लोक भेटतात.

"परत येणार का?" याचं उत्तर बँकेला विचारा. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते संपेपर्यंत तो निर्णय एकट्या माझा नाही.

ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी एपीएस प्रमाणपत्राच्या (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) मागे आत्ताच लागा, त्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही. जर्मनचा क्लासही आजच लावा. आणि मला जरूर मेसेज करा, फक्त "ताई, सोपं विद्यापीठ कोणतं?" एवढं विचारू नका.