पवनचक्क्या कुणी पुसल्या?

अमेरिकेच्या हाय प्लेन्समधल्या, म्हणजे पश्चिम कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो या बाजूच्या गुराख्यांच्या माळरानाचे दोन नकाशे शेजारी ठेवून एक दावा फिरतो. जुन्यावर पवनचक्क्या, एकटी घरं, निळी तळी. नवा जवळपास कोरा. म्हणे, सरकारने खुणा मुद्दाम पुसल्या, रस्तेही सरकवले, आणि जुना नकाशा तेवढा खरा.

पुसायचंच होतं तर जुना नकाशा हाती लागला कसा? १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांच्या आसपास नकाशे स्कॅन करून फुकट खुले केले ते हे नकाशे काढणाऱ्याच सरकारी खात्याने, यूएसजीएसने (अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने).

पवनचक्क्यांचं कारण रुक्ष आहे. १:२४,००० मापाचे जुने नकाशे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढत आणि माणसं जागेवर जाऊन ते तपासत. २००९ पासूनची मालिका देशभरच्या तयार डिजिटल माहितीतून संगणकावर निघते. त्या माहितीत गुरांसाठी पाणी उपसणारी पवनचक्की धरलेलीच नाही, तर ती छापणार कुठून? नुकसान खरंच झालंय. तक्रार करायची तर याची करा.

तळ्यांकडे नीट पाहा. निळी कड तुटक असेल तर तिथे पाणी बारमाही नाही. हे 'प्लाया', म्हणजे उथळ खळगे. पावसानंतर भरतात, एरवी त्यात गुरं चरतात. पण पश्चिम कॅन्ससमधली आर्कान्सा नदी बऱ्याच अंतरात खरोखरच आटली आहे. वरच्या बाजूला वळवलेलं पाणी आणि ओगलाला या भूजलसाठ्याचा बेसुमार उपसा, ही त्याची कारणं. तो दोष नकाशा काढणाऱ्यांच्या माथी कशाला?

रस्ते जागचे हलले नाहीत, अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार बदलला. १९२७ च्या आधारप्रणालीचा मूळ बिंदू कॅन्ससमधल्या मीड्स रँचवर होता, चक्क एका कुरणात! १९८३ च्या प्रणालीने पृथ्वीचा मध्य धरला. त्यामुळे त्याच जागेचे अक्षांश-रेखांश कित्येक मीटरने बदलतात.

राहिलं 'जुना तेवढा खरा'. जुन्या नकाशांच्या सुधारित आवृत्त्यांवर जांभळ्या रंगात भर घातलेली दिसते. ती छायाचित्रांवरून केलेली असे, जागेवर न तपासता, आणि तसं समासात छापलेलंही असे. फिरणाऱ्या चित्रात नेमका तो समास कापलाय.