दार काढून दाखवा, म्हणता?

नेवासकरकाका, नमस्कार.

प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती. उत्तरही लगेच लिहिलं, पण सकाळी वाचल्यावर ते मलाच कडू लागलं, म्हणून पुसून टाकलं. हे दुसरं. (काका म्हणतोय, कारण वय एकाहत्तर आहे हे तुम्हीच सुरुवातीला बजावलंय.)

ज्यांनी काकांचं म्हणणं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, सरळ वागायला देवाचा धाक लागतोच असं नाही. काका म्हणतात, लागतो. माणूस मूळचाच चोर. धाक आहे म्हणून जग चाललंय. पुरावा त्यांच्याच तालुक्यातला, शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत, कारण साडेसातीची भीती. आगरकर, र. धों. कर्वे ही नावं पुढे करू नका, ते अपवाद. आणि शेवटी आव्हान: माणसावर एवढा भरवसा असेल तर पुण्यातल्या फ्लॅटचं दार काढून दाखवा.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘श्रद्धा म्हणजे आभाळात बसवलेला सीसीटीव्ही’ हे माझं वाक्य सवंग होतं. टाळीसाठी लिहिलं होतं आणि टाळ्या मिळाल्याही. माझी आजी थंडीत पहाटे उठून काकड्याला जायची, ती कुणी हजेरी घेतं म्हणून नव्हे. वाक्य मागे घेतो. आगरकर-कर्व्यांचंही मान्य. एकेक थोर माणूस काढून दाखवला की बाजू सिद्ध होत नाही. तुम्हालाही गाडगेबाबा काढता येतील, मग आपण दोघं दिवसभर पत्ते टाकत बसू.

आता शिंगणापूर. तुम्ही तिथले, मी दोनदा गेलेला पाहुणा, तेव्हा चुकलं तर कान धरा. जुन्या घरांना चौकटी आहेत, फळ्या नाहीत, काहींना पडदा. काही चौकटींना एक सुटी फळी नुसती टेकवून ठेवलेली असते. ती कशासाठी, तर कुत्री आत शिरू नयेत म्हणून. कुत्र्याला साडेसाती कळत नाही, हे गावाला नीट ठाऊक आहे.

जानेवारी 2011 मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. देशातली पहिली म्हणून पेपरांत गाजली. दार होतं, पण ते उघडं राहणार असं ठरलं. पोलीस मात्र नाराज होते, कारण बँकांना सुरक्षेचे नियम केंद्राचे, आणि त्यांत शनिदेवाची सवलत नाही. शेवटी लॉकर आणि कागदपत्रांची पुरेशी काळजी घेतली आहे, असं बँकेला सांगावं लागलं. त्याच सुमारास, 2010 आणि 2011 मध्ये, चोरीच्या तक्रारीही झाल्या; पहिली तर बाहेरून आलेल्या भाविकाच्या गाडीतली होती. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.

हे मी हिणवायला सांगत नाही. दारं नसलेलं गाव इतकी वर्षं चाललंय, ही मोठीच गोष्ट आहे. गावकऱ्यांची श्रद्धा खरी आहे यात मला शंका नाही. पण तुमचा दावा त्याहून मोठा आहे. तुम्ही म्हणता, धाक काढला की माणूस चोरी करणारच. ते शिंगणापूर बघून कसं कळेल? तिथं तर धाक आहे. आंबा आढीत पिकतो, म्हणून झाडावर पिकतच नाही असं आपण म्हणत नाही. धाक असो-नसो, पकडलं जायची भीतीही जवळपास नाही, अशा ठिकाणी माणसं काय करतात ते बघायला हवं.

तसं बघितलं गेलंय. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. 40 देश, 355 शहरं, 17,303 पाकिटं. संशोधकांची माणसं बँक, पोस्ट, थिएटर, हॉटेल अशा ठिकाणी काउंटरवर जायची, ‘हे रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघा याचं काय ते’ म्हणून पाकीट द्यायची आणि निघून जायची. पाकीट पारदर्शक. आत मालकाची कार्डं, त्यांवर ईमेल, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काही पाकिटांत पैसे नाहीत, काहींत थोडे. आता किती जण मालकाला कळवतात ते मोजायचं.

तुमचा अंदाज काय, काका? माझा चुकला होता. मला वाटलं, पैसे असले की पाकीट गडप. सामान्य लोकांना विचारलं तर त्यांनाही तसंच वाटलं, आणि अर्थतज्ज्ञांचा अंदाजही काही फार बरा निघाला नाही. घडलं उलटं. बिनपैशाच्या पाकिटांबद्दल सरासरी 40 टक्के लोकांनी कळवलं, पैसेवाल्या पाकिटांबद्दल 51 टक्के. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड या तीन देशांत रक्कम वाढवून पाहिली, तर आकडा 72 वर गेला. याच तीन देशांत काही पाकिटं बिनकिल्लीचीही दिली, तर किल्ली असलेल्या पाकिटाबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त वेळा कळवलं गेलं. किल्ली सापडणाऱ्याच्या काय कामाची? ती हरवली तर घोटाळा मालकाचा. म्हणजे काउंटरमागच्या अनोळखी माणसानं त्या घोटाळ्याचा विचार केला. शिवाय रक्कम मोठी असली की ‘ठेवून घेतलं तर मी चोर’ हे स्वतःपासून लपवणं जड जातं.

देशादेशांत फरक खूप होता. स्वित्झर्लंड, नॉर्वे वरच्या टोकाला. त्यावरून ‘बघा, जिथं देवळात कमी जातात तिथं माणसं चांगली’ असं म्हणायचा मोह माझ्या बाजूच्या लोकांना होईल. मी म्हणणार नाही. पोटभर जेवलेल्या, सरकारवर भरवसा असलेल्या देशाशी आपली तुलना त्या एका मापानं होत नाही. आणि 40 टक्के म्हणजे 60 टक्क्यांनी काहीच केलं नाही, हेही मला दिसतं. माणूस देव आहे असं मी म्हणालोच नव्हतो.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. ‘माणूस मूळचा चोर’ या वाक्यातला माणूस कोण? तुम्हीच लिहिलंय की पोस्टात चौतीस वर्षं कॅश सांभाळली, एका पैशाचा फरक आला नाही. संध्याकाळी नोटांचा गठ्ठा दुसऱ्यांदा मोजताना मनात शनिदेव होते का हो? माझी पैज आहे, नव्हते. मनात बेरीज होती, घरी जायची बस होती. आणि कुणी म्हणालं असतं, ‘नेवासकर प्रामाणिक आहेत ते साडेसातीला भिऊन’, तर तुम्हाला राग आला असता. यायलाच हवा होता. ज्याच्या-त्याच्याकडून हे वाक्य ऐकतो तेव्हा चोर नेहमी दुसराच असतो, बोलणारा कधीच नसतो. धाक लागतो तो शेजाऱ्याला.

माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी किराण्याचं दुकान होतं. गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर, रोज उदबत्ती, चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’. समोर धान्याचं दुकान, तिथंही तीच तसबीर, बहुधा एकाच फेरीवाल्याकडून घेतलेली, शिवाय दर शनिवारी मारुतीला तेल. बाबांचं माप झुकतं. पारडं खाली टेकलं तरी वर चार दाणे टाकायचे. समोरच्याच्या तागडीखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असायचा, मालाच्या पारड्याच्या बुडाला, बाहेरून दिसणार नाही असा. सात-आठ वर्षांचा असताना मी तो वाकून पाहिला, कारण माझी गोटी तिथं घरंगळत गेली होती. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘पाहिलंस? बरं. आता जेव.’ एवढंच. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही, नरकाचं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त आपल्या पारड्यांची बुडं फडक्यानं पुसली, मी बघत असताना.

देव दोन्ही दुकानांत होता. तुम्ही म्हणाल, समोरच्याची श्रद्धा खरी नव्हती. असेल. पण चिंच लावणारा तो श्रद्धेत खोटा आणि झुकतं मापवाला खरा, असं आपण मापावरूनच ठरवणार असू, तर श्रद्धा मोजायचं कामही शेवटी तागडीच करते की.

तुमचा शेवटून दुसरा मुद्दा कलियुगाचा. ‘धर्मानंच सांगून ठेवलंय, माणूस असाच होणार.’ आपल्या पंचांगाच्या गणितानं कलियुग इसवी सनपूर्व 3102 मध्ये लागलं आणि ते 4,32,000 वर्षं चालायचंय. अजून सव्वाचार लाखांहून जास्त शिल्लक आहेत, तेव्हा घाई नको. पण त्याच हिशोबानं ज्ञानोबा, तुकोबा आणि तुमच्या खिशातले गाडगेबाबाही कलियुगातलेच. तुम्ही नेवाशाचे, म्हणजे ज्ञानेश्वरी जिथं सांगितली त्या गावचे. ज्याला टेकून ती सांगितली असं मानतात, त्या ‘पैस’ खांबापाशी लहानपणी खेळला असाल. तिथल्या पसायदानात खळांना धाक दाखव असं मागितलेलं नाही, त्यांचा नाश कर असंही नाही. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’, वाकडेपणा तेवढा गळून पडो, आणि मग त्यांनाच सत्कर्माची गोडी लागो. हे मागणं मागणाऱ्याला आणि त्याच्या भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून काय सोसावं लागलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. माणूस मूळचा चोर, असं म्हणायचा अधिकार कुणाला असेलच तर त्याला होता.

तेव्हा माझं भांडण तुमच्या श्रद्धेशी नाही. माणसाबद्दलची ही निराशा तुम्ही तिच्या खात्यावर मांडता, तिच्याशी आहे.

आता दाराचं. नाही काढणार. माझ्या फ्लॅटला लाकडी दार आहे, त्याबाहेर जाळीचं दार, दोन कुलपं. दहा-वीस माणसं चोर असली तरी शहराला कुलूप लागतं. त्यासाठी सगळेच चोर असावे लागत नाहीत. मात्र एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्या गुरुवार करतात, पण हे मला फार उशिरा कळलं. किल्ली दिली ती वेगळ्याच कारणानं. राहायला आलो त्या आठवड्यात माझं एक पार्सल त्यांनी घेऊन ठेवलं होतं, पैसे स्वतः भरून. मी पाचशेची नोट दिली. संध्याकाळी बेल वाजली. हातात चाळीस रुपये घेऊन काकू दारात उभ्या. ‘सुट्टे नव्हते मगाशी,’ म्हणाल्या.