कुऱ्हाडीचा दांडा

मागच्या रविवारी रात्री पावणेदहा वाजता मला माझ्या बायकोने जाळलं. सहा गोब्लिनांसकट. मी ढाल पुढे धरून दारात उभा होतो, मागच्यांना ओरखडाही येऊ देणार नव्हतो, आणि मागच्यांपैकीच एकीने माझ्या पाठीवर आगीचा गोळा सोडला. गोब्लिन, म्हणजे खेळातले शत्रूकडचे बुटके राक्षस, गेले. मीही आडवा झालो. टीव्हीच्या माझ्या अर्ध्या भागात माझा योद्धा करपलेल्या पोळीसारखा पडला होता आणि तिच्या अर्ध्या भागात तिची जादूगारीण हाताची राख झटकत होती.

"तुम्ही मधात कशाला आले?" ती म्हणाली.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, मधात म्हणजे मध्ये. मधाचा, गोडव्याचा इथे काही संबंध नाही.

खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट 3'. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तो 2023 मध्ये आणला आणि आमच्या मानेवाड्याच्या घरात तो भाच्याने आणला. भाचा अमरावतीचा, इथे इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. मामा-मामींनी एकत्र काहीतरी करावं अशी त्याची प्रामाणिक इच्छा होती. (पोट्टं चांगलं आहे. त्याला दोष देत नाही. थोडा देतो.) या खेळात चौघांची टोळी असते आणि दोघांना एकाच टीव्हीवर, पडदा मधून चिरून, खेळता येतं. दोन पात्रं माझी, दोन तिची. माझा एक योद्धा आणि एक जखमा बऱ्या करणारी पुजारीण. तिची एक जादूगारीण आणि एक चोर. एकाच बाजूचे, एकाच ध्येयाचे, एकाच ताटातले. असं मी समजत होतो.

चौथ्या पातळीपर्यंत संसार सुखाचा चालला. पाचव्या पातळीला जादूगाराला तिसऱ्या दर्जाचे मंत्र मिळतात आणि त्यात हा फायरबॉल असतो. तिने तो निवडला तेव्हा मी स्वतः उठून फ्रिजमधली संत्रा बर्फी काढून तिच्यापुढे ठेवली. आता आठवलं की माझ्याच दातांखाली खडा येतो.

ज्यांनी असले खेळ पाहिलेले नाहीत त्यांना फायरबॉल समजावायला मला जादूची गरज नाही. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर लावून दारं-खिडक्या बंद, आणि आत सावजी रश्श्यासाठी कोणीतरी मिरची परतायला घेतली. आता ती मिरची रश्श्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुमच्याशी तिचं काही वैर नाही. पण हॉलमध्ये टीव्ही बघणारा खोकतो, आतल्या खोलीत झोपलेला खोकतो, दारात आलेला कुरिअरवाला खोकतो आणि जिने ती परतायला घेतली तीच तेवढी पदर नाकाला लावून शांत उभी असते. फोडणी माणूस बघत नाही, जागा बघते. फायरबॉल तसाच. मूळ कागदावरच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये, जिथून हे सगळं निघालं, त्याची त्रिज्या आहे 20 फूट. म्हणजे व्यास 40. आमचा हॉल 12 बाय 14. हा मंत्र आमच्या हॉलमध्ये म्हटला तर शेजारच्यांचा कूलरही जाईल.

आणि हा प्रकार चुकून राहिलेला नाही, मुद्दाम ठेवलेला आहे. ज्या मंत्राने सहा जण एका झटक्यात जातात तो फुकट कसा द्यायचा? म्हणून आग आपला-परका ओळखत नाही, आणि खेळणाऱ्याला दर वेळी विचार करावा लागतो: आपली माणसं आधी मागे घेऊ का, दाराबाहेर टाकू का, की वाट पाहू? या विचारातच खरा खेळ आहे म्हणे. माझी अडचण एवढीच की हा विचार करायचं काम बायकोकडे आणि त्यात भाजून निघायचं काम माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

आमची बायको शाळेत गणित शिकवते. पहिल्यांदा भाजलो त्या रात्री मी तक्रार केली तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशोब मांडला. आठ फासे, प्रत्येक सहा बाजूंचा. कमीत कमी 8, जास्तीत जास्त 48, सरासरी 28. सहा गोब्लिन गुणिले 28, बरोबर 168. "एवढं शत्रूचं नुकसान. आणि तुमचं किती? 28. म्हणजे एकूण नुकसानीचा सातवा हिस्सा. एवढी घट तर धान्य निवडतानाही येते."

मी म्हणालो, "अगं, पण त्या घटीला नाव आहे."

"मग घटीने बाजूला उभं राहायचं."

आमची आई हॉलच्या कोपऱ्यात वाती वळत बसते. तिला खेळ कळत नाही, पण लेक कळतो. तिने पडद्याकडे पाहून विचारलं, "सूनबाई, त्याले कायले जाळून राहिली वं?" मला भरून आलं. तेवढ्यात तिने चष्मा पुढे ओढून नीट पाहिलं आणि म्हणाली, "पण भाजला चांगला. भरताचं वांगं असं भाजाले पायजे."

मी काही फार सोवळा आहे असं नाही. सांगून टाकतो.

2000 चा उन्हाळा होता. धरमपेठेत एका मित्राकडे कॉम्प्युटर होता. कॅबिनेटचं झाकण काढून त्यावर टेबलफॅन सोडलेला, आणि पहिला 'बाल्डर्स गेट'. कॅनडातल्या बायोवेअरने 1998 मध्ये काढलेला, पाच सीड्यांवर. खेळताना टोळी एका गावातून दुसरीकडे गेली की मशीन पुढची सीडी मागायची, आणि सीडी बदलणारा पोट्टा ठरलेला असायचा. तिथे टोळी सहा जणांची. आम्हीही सहाच होतो, म्हणून प्रत्येकाने एकेक पात्र आपलं म्हणून वाटून घेतलं होतं. माउस मात्र एकच. लढाई चालू असताना स्पेसबार दाबला की सगळं गोठायचं, मग आरामात हुकूम सोडायचे, पुन्हा स्पेसबार. या गोठलेल्या क्षणांत मित्राच्या आईने केलेलं कैरीचं पन्हं प्यायलं जायचं आणि युद्धनीतीवर भांडणं व्हायची.

माझ्याकडे जादूगार होता. त्या खेळातला पहिल्या पातळीचा जादूगार म्हणजे अगदी काडीपैलवान, मांजराने ओरबाडलं तरी खलास. त्याला महिनाभर जपून, मागे ठेवून, मी मोठा केला आणि त्याला वीज मिळाली. सरळ रेषेत जाणारी वीज. एका तळघराच्या अरुंद बोळात समोर शत्रू ओळीने उभे. मी स्पेसबार दाबला, निशाण लावलं, सगळ्यांना म्हटलं, आता पाहा. स्पेसबार. वीज गेली, दोन शत्रूंना लागली, भिंतीवर आपटली आणि परत आली. त्या खेळात वीज भिंतीवर आपटून परत येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती येताना आमच्यातल्या तिघांना लागली, मागच्या भिंतीवर आपटली आणि पुन्हा निघाली. बोळ इतका अरुंद की ती कॅरमच्या स्ट्रायकरसारखी फिरत होती. शेवटी पडद्यावर एकटा एक शत्रू उभा राहिला, जखमी, आणि बहुधा चक्रावलेला.

खोलीत शांतता. मग ज्याचं पात्र सगळ्यात आधी मेलं होतं तो म्हणाला, "अबे भैताड, शेवटचं सेव्ह कधी केलं होतं?"

सकाळी केलं होतं.

त्यानंतर उन्हाळाभर माझं नाव एमएसईबी पडलं. वीज केव्हा येईल, कुठे जाईल, कुणाला काही सांगता यायचं नाही. आणि त्या दिवशी मी काय म्हणालो होतो माहीत आहे? "तुम्ही लोक भिंतीपाशी उभे कशाला राहिले?" म्हणजे बायकोचं वाक्य मुळात माझंच निघालं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

या आगीवर इलाजही निघालेत. 2009 च्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये खेळ सोपा ठेवला तर आपला वार आपल्याला लागतच नाही, अवघड करा, मग पूर्ण लागतो. मला सगळ्यात आवडतो तो 2015 च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'चा तोडगा. तिथे पात्राची बुद्धी वाढली की मंत्राच्या वर्तुळाला बाहेरून आणखी एक कडं मिळतं आणि त्या कड्यात फक्त शत्रू भाजतात. म्हणजे माणूस जितका हुशार तितकी त्याची आग समजूतदार. हे मी फार उत्साहाने बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?" मला काहीच म्हणायचं नव्हतं, हे मी तिला त्या संपूर्ण आठवड्यात वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं.

आमच्या खेळातही सोय आहे. जादूगाराला दुसऱ्या पातळीला एक शाखा निवडावी लागते, आणि त्यातल्या इव्होकेशन नावाच्या शाखेतल्या जादूगाराची असली आग स्वकीयांना शिवत नाही. भाचा तेव्हा ओरडला होता, "मामी, हीच घ्या, डोळे झाकून घ्या!" मामींनी डोळे उघडे ठेवले, सगळ्या शाखांची माहिती शांतपणे वाचली आणि भविष्य सांगणारी शाखा घेतली. डिव्हिनेशन. यात रोज झोपून उठलं की दोन फासे आधीच पडलेले मिळतात. समजा, 16 आणि 3. मग दिवसभरात कुणाचाही फासा पडला की तो बाजूला सारून त्या जागी आपल्याजवळचा ठेवता येतो. शत्रू वार करतोय? घे 3. आपण वार करतोय? घे 16. गणिताच्या बाईंना याची भुरळ न पडती तर नवल.

माझा प्रश्न साधा होता. जिला उद्याचे फासे आज दिसतात, तिला समोर उभा असलेला नवरा दिसू नये?

बरं, मी सूड घ्यायचा प्रयत्नही केलेला नाही. उलट गेल्या महिन्यात तिची जादूगारीण पडली तेव्हा मी धावलो. पोचायला अंतर जास्त होतं, म्हणून औषधाची बाटली लांबूनच फेकली. या खेळात फेकलेली बाटली फुटते आणि औषध आसपासच्या सगळ्यांना लागू पडतं. बायको उठून बसली. तिच्या छाताडावर पाय ठेवून उभा असलेला, मरायला टेकलेला गोब्लिनही टवटवीत झाला आणि त्याने तिला पुन्हा पाडलं. या प्रकाराला काय म्हणतात मला माहीत नाही, पण ते घरात अजून निघतं. परवा तिची बहीण आली होती, तिलाही सांगून झालं.

तर मागचा रविवार. मी पडलो, आणि पडल्यावर जगणार की जाणार याचे फासे सुरू होतात. तीन हुकले की संपलं. सातवा गोब्लिन माळ्यावरून बाण सोडत होता, बायको त्याच्यामागे लागली होती, माझी पुजारीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि माझे तिन्ही हुकले. आई कोपऱ्यातून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीचा पुतळा जाळायला नेताना ओरडतात त्या चालीवर म्हणाली, "घेऊन जाय गे मारबत!" तिला वाटलं, विनोद झाला.

पण भाचा गप्प होता. तो पडद्याच्या कडेला सरकणारी लढाईची बारीक नोंद वाचत होता. या नोंदीत प्रत्येक फासा लिहिलेला असतो.

"मामा," तो म्हणाला, "आगीतून अर्धं वाचायचा तुमचा फासा 17 पडला होता."

"मग?"

"मग तो 3 झाला."

मी बायकोकडे पाहिलं. माझ्या अंगात 20 गुण उरले होते. 28 चा फटका बसला म्हणून गेलो. अर्धा, 14 चा, बसता तर उभा राहिलो असतो. हे गणित मीसुद्धा करू शकतो.

"ते मधात चौकोन आला," ती म्हणाली. "वापरायचा का विचारत होता. मला वाटलं, गोब्लिनचा फासा आहे. मी हो दाबलं."

मी विश्वास ठेवला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणूस विश्वास ठेवतो.

तळावर एक हाडकुळा म्हातारा उभा असतो, विदर्स नावाचा. मेलेल्याला उठवायचे तो 200 मोहरा घेतो. माझ्याच पुजारणीला पुढे करून, माझ्याच थैलीतून, मी माझ्याच अंत्यविधीच्या उलट्या विधीचे पैसे भरले. त्याच म्हाताऱ्याकडे पात्राची सगळी घडणही बदलून मिळते, शाखेसकट. त्याचे 100 मोहरा.

भाच्याच्या डोळ्यांत चमक आली. "मामी! फक्त 100! शाखा बदलून टाका, मग मामा जळणारच नाहीत. उठवायला 200, बदलायला 100. मामांचं एक मरण जरी टळलं तरी पैसे वसूल!"

गणिताच्या बाईंनी रिमोट खाली ठेवला. हिशोब बिनतोड होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी श्वास रोखून बसलो. आईनेही वात हातातच धरली.

"बदलायचे 100 कोणाच्या थैलीतून जातात?" तिने विचारलं.

"तुमच्या, मामी."

"आणि ते 200?"

"मामांच्या."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे निघाली. "चला, तुम्ही पुढे व्हा."