पाइपाला कंठ फुटतो तेव्हा

घर उबदार ठेवणाऱ्या हीटिंगच्या पाइपाने दिवसा बोलू नये असा काही नियम नाही. आमच्या बेडरूममधला पाइप मात्र तो कटाक्षाने पाळतो. दिवसभर मुका, आणि पहाटे पाणी तापवणारा बॉयलर पेटला की कंठ फुटतो. आधी एकच 'टक्'. मग बराच वेळ काही नाही. आपण कूस बदलतो, डोळा लागतो, तोच 'टक्-टक्'. तालात वाजला असता तर झोप तरी लागली असती. हा समेवर म्हणून कधी येतच नाही.

"अहो, ऐकलंत?"

मी झोपेचं सोंग घेतो. "उगाच सोंग घेऊ नका, घोरण्याचा आवाज येत नाहीये तुमचा," असा बिनतोड पुरावा समोर येतो.

मेहुण्यांनी निदान केलं, "हवा अडकलीय, भाऊजी." पाण्यात हवा अडकली की गुळगुळ होते, टकटक नाही, हे मला ठाऊक होतं. पण मेहुण्यांना विरोध करण्यापेक्षा रेडिएटर, म्हणजे पाइपातल्या गरम पाण्याने खोली तापवणारी पेटी, उघडणं सोपं. हीटिंग बंद केलं, रेडिएटर गार होऊ दिला, वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला किल्ली लावून पाव फेरा दिला. फुस्स करून हवा गेली आणि मागोमाग काळंकुट्ट पाणी आलं. रेडिएटरच्या आतलं पोलाद गंजून हा काळा गाळ तयार होतो. तो पांढऱ्या टॉवेलवरून निघत नाही, ही माहिती मला बायकोकडून मिळाली. मग बॉयलरचं प्रेशर उतरलं म्हणून तेही भरून घेतलं. या सगळ्याने गुळगुळ थांबली. ती होती हे थांबल्यावरच कळलं. आता टकटक अगदी स्वच्छ ऐकू यायला लागली.

"मग क्लिपा सैल झाल्या असणार. आवळा!" मेहुणे म्हणाले, आणि मी नको म्हणेपर्यंत हॉलमधल्या पाइपाच्या क्लिपा त्यांनी स्वतःच आवळूनही टाकल्या. बेडरूमकडे वळणार तेवढ्यात बायकोने चहा पुढे केला, म्हणून तो पाइप वाचला.

प्लंबर आला तो दुपारी. पाइप गप्प. शेवटी आम्ही दोघांनी त्याला तोंडाने आवाज काढून दाखवला. बायकोच्या मते मी 'टक्' फार मऊ काढतो. प्लंबरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पाइप सकाळपासून गरमच आहे. तापताना किंवा निवतानाच बोलतो तो. बॉयलर बंद करा, पूर्ण गार झाला की मी येतो."

आला, बॉयलर चालू केला, गुडघ्यावर बसला, जमिनीच्या फळीला कान लावला. 'टक्.' त्या क्षणी आम्हाला जो आनंद झाला तो या घरात त्या आवाजाने पहिल्यांदाच दिला असेल.

फळी उचलल्यावर खाली गुन्हा उघडाच पडलेला होता. तांब्याचा पाइप सगळीकडे मळकट तपकिरी, पण लाकडी तुळईच्या खाचेतून जातो तिथे बोटभर भाग नव्यासारखा लखलखीत. रोज घासून घासून पॉलिश झालेला. १० मीटर लांबीचा तांब्याचा पाइप ५० अंशांनी तापला की ८ मिलीमीटरहून जास्त वाढतो. खाच घट्ट असेल तर त्याला सरळ सरकता येत नाही. जड कपाट ढकलताना ते जसं अडून अडून एकदम पुढे येतं, तसा तो अडतो आणि उडी मारतो. तीच ती 'टक्'. आणि लाकडाची जमीन त्याची तबला-डग्ग्यासारखी साथ करते, म्हणून एवढ्याशा उडीचा एवढा गाजावाजा.

प्लंबरने कानशीने खाच रुंद केली, पाइपाखाली फेल्टची पट्टी सरकवली, आणि क्लिपा चक्क सैल केल्या. जाताना बॉयलरच्या पाण्याचं तापमानही थोडं उतरवलं. पाइप जितका कमी तापेल तितका कमी वाढेल. एवढं साधं काम, पण त्याने ते करताना एकदाही 'हवा' हा शब्द काढला नाही, यासाठी मी त्याला थोडे पैसे जास्तच दिले.

आता बेडरूम शांत आहे. हॉल मात्र पहाटे कडाडतो. तिथल्या क्लिपा मेहुण्यांच्या हातच्या. फळी तिथलीही उचलून घेऊ, असं मी म्हटलं. "एवढी काय घाई आहे?" बायको म्हणाली. "दादा पुढच्या महिन्यात मुक्कामाला येतोय. त्याची गादी हॉलमध्येच घालू."